यमकाकांचा माइक

कुठल्याही सुंदर जागी माणसांना नेऊन उभं केलं, की यमकाका सर्वांत आधी तिथे कोण मेलं ते सांगत. मग कसं मेलं ते. मग, वेळ उरलाच तर, ती जागा कोणी बांधली, कधी बांधली वगैरे किरकोळ तपशील. समोर धबधबा असो, चर्च असो, नाहीतर हिरव्यागार उतारावर चरणाऱ्या मेंढ्या असोत, काका माइक तोंडाशी धरत, घसा खाकरत आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं इतक्या प्रसन्न आवाजात म्हणत, "मंडळी, आता जरा डावीकडे बघा. इथे फार वाईट झालं." आणि आमची मंडळी मांडीवर दशम्यांचे डबे घेऊन तल्लीन होऊन बघत.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, भारदस्त होतं, पण ते फक्त पासपोर्टवर वापरलं जाई. कोलोनच्या मराठी मंडळींत त्यांना तोंडावर 'काका' आणि पाठीमागे 'यमकाका' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. एकदा मी चुकून तोंडावरच म्हटलं, तर म्हणाले, "अरे, त्यात वाईट काय? सगळ्यांना वेळेवर न्यायचं, कोणाला मागे ठेवायचं नाही. गाईडचं काम ते यमाचं काम."

कोलोनच्या एका कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. पण पुण्याहून निघाल्यावर त्यांची पहिली नोकरी वेल्समधल्या एका पोलादाच्या कारखान्यात. लग्न झाल्यावर काकूही आधी तिथेच आल्या, एका खाणगावातल्या चिंचोळ्या घरात. मग जर्मनी. त्यामुळे निवृत्तीनंतर, हौस म्हणून, काका दर वर्षी मे महिन्यात आम्हाला बसमध्ये घालून वेल्सला न्यायचे. कोलोनहून कॅले, तिथून बोट, मग अख्खं इंग्लंड आडवं कापून पलीकडे. कोणी विचारलं की काका, किल्लेच बघायचे तर घराशेजारी राईन नदी पडली आहे, तिच्या काठचे बघू की, तर नाक मुरडून म्हणत, "राईनचे किल्ले म्हणजे कवळी. घासूनपुसून बसवलेली. मला पडके दात आवडतात. आणि जिथे कोणी मेलं नाही, तिथे बघण्यासारखं काही नसतं, हे लक्षात ठेव."

आणि आवाज! खर्जातला, कडेला थोडा खरखरीत, ओल्या गोणपाटासारखा जड. 'वाईट' या शब्दातला 'वा' ते इतका लांबवत की बस एक वळण घेऊन यायची. वेल्सच्या रस्त्यांवर जागोजाग पांढऱ्या अक्षरांत 'अराफ' असं रंगवलेलं असतं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'हळू'. काकांनी तो शब्दच उचलला होता. ड्रायव्हरनं वेग घेतला की अराफ. कोणी जेवताना बकाबका खाल्लं की अराफ. आमच्या मंडळातल्या घाटग्यांनी विनोद सांगायला सुरुवात केली की अराफ, अराफ. आणि प्रत्येक मुक्काम सोडताना, समोर समुद्र असो की समाधी, त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "सगळ्यांनी सू करून घ्या. पुढे सोय नाही."

मी मूळचा नकलाकार. गणपतीच्या कार्यक्रमात दर वर्षी यमकाकांची नक्कल माझ्याकडे असे आणि काका पहिल्या रांगेत बसून ती तपासत. एकदा भर कार्यक्रमात उठून म्हणाले, "नाटक्या, माझा 'वा' इतका पातळ नाही. पोटातून काढ." लोक हसून कोसळले. नंतर चहाच्या वेळी माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "चांगली करतोस, पण मेल्यावर कर. जिवंतपणी माझं दुकान बंद पाडू नकोस."

त्यांच्या बसमध्ये एक नियम होता. फोटो हवे तेवढे काढा, पण काका बोलत असताना रेकॉर्डिंग करायचं नाही. कोणी मोबाईल उंचावला की ते बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत राहत. त्यामागचं कारण मला एकट्याला त्यांनी एकदा सांगितलं होतं. काकू गेल्यावर त्यांचा आवाज घरच्या फोनच्या आन्सरिंग मशीनमध्ये राहिला होता. "आम्ही घरी नाही," आधी जर्मनमध्ये, मग मराठीत, आणि शेवटी, "कोण बोलतंय ते सांगा हं." एवढंच. काका स्टेशनवरून, बाजारातून, कधी घराखालच्या बाकावर बसून स्वतःच्याच घरी फोन लावायचे. मग एक दिवस नवी लाईन टाकायला माणूस आला. त्यानं नवा डबा भिंतीला लावला आणि जुना घेऊन गेला.

"पहिल्यांदा गेली ती देवानं नेली," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा एका पोरगेल्या कारागिरानं खोक्यात घालून नेली. आणि मी त्याला वर चहा पाजला. विजू, आवाज डब्यात ठेवायचा नाही. डबा जातो."

आता पुढची गोष्ट सांगायला मला मजा येणार नाही, पण सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात काका दशमी चहात बुडवून खायला लागले. आम्हाला वाटलं दात गेले. मग आवाज बसला. सर्दी म्हणाले, कोलोनचं हवामान म्हणाले. शेवटी घशाच्या डॉक्टरनं आत बघितलं आणि त्यांना थेट मोठ्या इस्पितळात पाठवलं. स्वरयंत्र काढायचं ठरलं. सगळं. म्हणजे माणूस राहील, आवाज जाईल. तारीख, म्हणजे इथल्या भाषेत टर्मिन, मिळाली ती मेच्या अखेरीची. "बघ," काका मला म्हणाले, "या देशात यमालासुद्धा टर्मिन घेऊन यावं लागतं." मग डोळे बारीक करून म्हणाले, "सहल त्याच्या आधी बसते. गेनाऊ, अगदी बरोब्बर बसते."

त्यांची मुलगी रेवा हॅम्बर्गला विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. काका तिला रोज संध्याकाळी फोन करून एकच प्रश्न विचारत, "जेवलीस का?" आणि ती म्हणे, "या, पापा." जर्मनमधलं 'या' म्हणजे हो. बापलेकीचं बोलणं बहुधा तेवढ्यावर संपे. सहलीचं ऐकून ती भडकली. ऑपरेशनच्या तोंडावर कोणी बसमधून वेल्सला जातं का? काका म्हणाले, "तू पण चल." ती म्हणाली, तिला सुट्टी नाही, आणि असल्या वेडेपणात ती सामील होणार नाही. फोन आपटला गेला. मग थोड्या वेळानं तिनं मला फोन केला. रडत नव्हती. तिचं जर्मन अगदी कापून ठेवल्यासारखं नीट होतं.

"विजूकाका, त्याचा आवाज रेकॉर्ड करून आणा. त्याला कळू देऊ नका. माझ्याकडे काही नाही. रोज फोनवर बोलायचा, म्हणून मी कधी काही ठेवलंच नाही."

मी "बघतो" म्हणालो. मराठी माणूस नाही म्हणायला घाबरला की बघतो म्हणतो.

बस निघाली. काकांनी पहिल्याच दिवशी माइकवर जाहीर केलं, "मंडळी, यंदा शब्द मोजके आहेत. पुरवून वापरणार आहे. कोणी फालतू प्रश्न विचारू नये." घाटगे लगेच म्हणाले, "काका, फालतू म्हणजे कसा?" काकांनी नुसतं बोट दाखवलं, की हा असा.

दक्षिण वेल्समध्ये ते आम्हाला कोळशाच्या खाणीत घेऊन गेले. डोक्याला दिवा, कमरेला पट्टा, पिंजऱ्यातून खाली. तळाशी सगळ्यांचे दिवे विझवायला लावले आणि त्या काळ्याकुट्ट अंधारात त्यांचा तो बसलेला आवाज आला, "इथे माणसं मरत. घोडेही मरत. घोड्यांना निदान माहीत नव्हतं की वर सूर्य आहे." दिवे लागले तेव्हा माझी बायको मंजिरी माझा दंड इतका घट्ट धरून होती की वळ उठले. माझ्या खिशात मोबाईल होता. मी त्याला हात लावला नाही.

पुढच्या एका गावात, पूर्वी एकदा पावसानं खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून शाळेवर आला होता. उतारावर पोरांच्या थडग्यांच्या पांढऱ्या कमानी आहेत. तिथे काका दर वर्षी माइक बंद करून ठेवत. सगळ्या सहलीत ते बोलत नसत अशी ती एकच जागा. यंदा तिथून परतताना मला म्हणाले, "एवढे शब्द वाचले."

त्या संध्याकाळी बस उत्तरेकडे निघाली तेव्हा त्यांनी वेल्सच्या शाळांची गोष्ट सांगितली. पूर्वी पोरं घरची भाषा बोलताना सापडली तर गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. दुसरं कोणी बोलताना सापडलं की फळी त्याच्या गळ्यात. दिवसाच्या शेवटी ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं छड्या खायच्या. "तरी त्यांची भाषा टिकली," काका म्हणाले. "आपल्या पोरांच्या गळ्यात कोणी काही अडकवलं नाही." मागच्या सीटवर घाटग्यांची मुलगी जर्मनमध्ये गेम खेळत होती. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

आणि मग कॉनवीचा किल्ला आला.

काय किल्ला आहे महाराजा! समुद्राच्या खाडीवर आठ बुरूज छाती काढून उभे, गावाभोवती अखंड तट. दर वर्षी काका दरवाज्याबाहेर उभं करून आधी सगळं सांगत, मगच आत सोडत. यंदा शब्द वाचवायचे होते. तेव्हा एवढंच म्हणाले, "वर जा. बघून या. खाली आल्यावर सांगतो." आणि स्वतः आतल्या अंगणात एका दगडावर बसले.

आता मराठी माणसाला बुरुजावर मोकळा सोडला की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. घाटगे मूळचे कोल्हापूरकडचे. वर पोचले, वाऱ्यानं शर्ट फुगला, खाली खाडी, समोर डोंगर. त्यांच्या अंगात आलं. दोन्ही हात पसरून, छाती फाटेल अशा आवाजात त्यांनी आरोळी ठोकली, "हर हर!" आणि आठ बुरुजांवर विखुरलेल्या आम्ही सगळ्यांनी, सासवा-सुनांसकट, "महादेव!" दगड दणाणले. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. तटाखालच्या बाकावर कुत्रं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर केली.

आणि अंगणातून काका ओरडले.

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "बंद करा! अरे, बंद करा! हा आपला नाही! इंग्रज राजानं यांचा देश जिंकला आणि यांच्या उरावर हा बांधला! कोणाच्या नावानं ओरडताय? ज्यांचं गेलं ते खाली बसलेत रे!"

शेवटचा 'रे' मध्येच फाटला. एखादं जुनं धोतर टरकन फाटावं तसा. आम्ही वाकून बघितलं तर काका तोंडाला रुमाल लावून उभे होते, आणि रुमाल लाल होत होता.

घाटगे बुरुजाच्या पायऱ्या कशा उतरले त्यांचं त्यांना ठाऊक. "काका, चुकलो. काका, पाय धरतो." त्यांची बायको रडत होती, "अहो, पाणी आणा आधी! पाय काय धरताय!" काकांनी पाणी घेतलं, रक्त थांबलं. मग घाटग्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. हवा. तिसऱ्यांदा त्यांनी उघडलंच नाही. तिथल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, जिवाला आज धोका नाही, प्रवास करता येईल. आवाज? त्यानं मान हलवली.

मी रेवाला फोन केला. तिनं पहिला प्रश्न तब्येतीचा विचारला, दुसरा आवाजाचा. "रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे?"

"नाही गं," मी म्हणालो. "जमलं नाही मला. तू ये."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "आल्झो. बरं तर, येते."

हॅम्बर्गहून विमानानं मँचेस्टर, तिथून रेल्वे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या बसच्या दारात उभी होती, पाठीवर ऑफिसचीच बॅग. काका पुढच्या सीटवर होते. तिला बघून उठले, तोंड उघडलं, सवयीनं. मग हातानं तोंडाकडे घास नेल्याची खूण केली. जेवलीस का?

"या, पापा," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

शेवटचा मुक्काम ब्लायनाय फेस्टिनिओगचा होता. पाटीच्या दगडाचं गाव. बस निघाली. काकांनी हुकावरचा माइक काढला आणि चालू केला. सवय हो! अख्ख्या बसमध्ये स्पीकरमधून त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. कोणाची हिंमत होईना की सांगावं, काका, बंद करा. रेवानं दोन्ही हातांनी कान झाकले. समोर ते करडे डोंगर दिसायला लागले, पावसात भिजलेले. काकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि माइक माझ्या हातात ठेवला.

मी हजारदा नक्कल केली आहे. मी पोटातून आवाज काढला. जड, खरखरीत.

"मंडळी, आता जरा डावीकडे बघा. इथे फार वाऽईट झालं."

कोणी हसलं नाही. रेवानं कानावरचे हात काढले.

"हा डोंगर नव्हे. डोंगराच्या पोटातून काढून टाकलेला कचरा आहे. लहानपणी ज्या पाटीवर तुम्ही गमभन गिरवलं, तसला दगड. इथल्या माणसांनी अर्ध्या जगाच्या घरांवर छपरं घातली आणि त्याची धूळ छातीत साठवून स्वतःच्या घरात खोकून खोकून मेली."

काका माझ्याकडे बघत होते. परीक्षकाच्या डोळ्यांनी. मी 'मेली' जरा घाईत म्हटलं, तर त्यांनी तळहात खाली दाबला. अराफ. मी पुन्हा म्हटलं, हळू. त्यांनी मान डोलावली. मग अख्ख्या रस्ताभर आमचं तेच चाललं. मी बोलायचो, ते हातानं कुठे चढव, कुठे उतरव सांगायचे. रेवा मध्ये बसून डोळे मिटून ऐकत होती. गावात बस थांबली. मी माइक काकांसमोर धरला. त्यांनी नकारार्थी बोट हलवलं आणि माझ्या छातीकडे दाखवलं. तेव्हा मीच म्हणालो, "सगळ्यांनी सू करून घ्या. पुढे सोय नाही."

काका हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. रेवा बापाच्या त्या हलणाऱ्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली आणि मग ते हसणं राहिलं नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पण रोग घशापुरता राहिला नव्हता. नळीतून अन्न, गळ्याला भोक. मी भेटायला जाई तेव्हा ते बोटानं खूण करत आणि मी त्यांच्या आवाजात खोलीतल्या नर्सेसची, शेजारच्या पेशंटची, इस्पितळातल्या सुपाची वर्णनं करत असे. "मंडळी, या सुपात फार वाईट झालं." पानगळीला ते गेले.

दहनाला अर्थात टर्मिन होता. त्या छोट्या हॉलमध्ये एक काळ्या कोटातला माणूस दारात उभा राहून घड्याळ बघत होता. घाटगे भिंतीला टेकून उभे होते, मान खाली. कॉनवीनंतर त्यांनी कुठेही आरोळी दिली नाही, गणपतीतसुद्धा नाही. रेवा माझ्याकडे वळली. एका शब्दात म्हणाली, "बिट्टे." कृपा करून. मी पेटीजवळ गेलो. मला दुसरं काही सुचेना. मी पोटातून तो आवाज काढला आणि म्हणालो, "मंडळी, सगळ्यांनी सू करून घ्या. पुढे सोय नाही." आमची माणसं हसली आणि रडली. काळ्या कोटातल्या माणसानं एवढं करुण स्तोत्र पहिल्यांदाच ऐकलं असावं; त्यानं आदरानं मान झुकवली.

आता वेल्सची बस मी नेतो. काकांच्या जागांवर काकांचीच वाक्यं म्हणतो. कॉनवीला मात्र मंडळींना दरवाज्याबाहेर उभं करून आधी सगळं सांगतो, कितीही पाऊस असला तरी.

रेवा अधूनमधून फोन करते. सुरुवातीला म्हणाली, तो आवाज व्हॉइस मेसेजवर पाठवून ठेवा ना. मी म्हटलं, "डबा जातो बाळा. तू फोन कर, मी उचलतो." तेव्हापासून फोन येतो, मी त्या आवाजात विचारतो, "जेवलीस का?" आणि ती म्हणते, "या, पापा," आणि ठेवून देते. दोन मिनिटांचाही मामला नाही. मंजिरी म्हणते, हे बरं नाही, तिच्यासाठीही नाही आणि तुमच्यासाठीही नाही. असेल. मला अलीकडे भीती वेगळीच वाटते. एवढ्या वेळा काढून काढून तो आवाज झिजतो आहे. त्यातला त्यांचा किती आणि माझा किती, हे सांगू शकणारा एकच परीक्षक होता, तो आता पहिल्या रांगेत नाही. आणि हा डबाही काही कायमचा नाही. साखर आहे, रक्तदाब आहे.

गेल्या आठवड्यात फोन वाजला. मी घसा खाकरला, पोटातून श्वास घेतला. पण माझ्याआधी तीच बोलली. मराठीत. र घशातून आणि ळ चुकलेला असा तिचा मराठी बाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकलाच नव्हता.

"जेवलात का?"

हे तिनं मला विचारलं की त्यांना, मला कळलं नाही. शेवटचे कित्येक महिने त्यांना एक घास गिळता आला नव्हता. मी पुन्हा घसा खाकरला. मग पोटातून, जड, खरखरीत, जमेल तितका हळू आवाज काढला.

"हो बाळा. पोटभर जेवलो."